मुलांचा दमा आणि शासनाची जबाबदारी

वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला, की शेतमजुरांच्या घरांतून पहाटेचा खोकला ऐकू येऊ लागतो. मुलांना शिंका येतात, नाक वाहते, धाप लागते. आईबाप ‘थंडी बाधली’ म्हणतात आणि खाजगी दवाखान्यातून इंजेक्शन व खोकल्याची बाटली घेऊन परततात. ‘दमा’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही; मुलगी असेल तर लग्नाच्या भीतीने तो लपविलाच जातो.

निदान अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या श्वासनलिका अतिसंवेदनशील असू शकतात. धूळ, चुलीतील पऱ्हाटीचा धूर, गाजरगवताचे पराग, थंड हवा यांनी त्या आकसतात. परंतु संवेदनशीलता म्हणजे दमा नव्हे. केवळ नाक वाहणाऱ्या मुलांतही ती आढळते. लक्षणे वारंवार उद्भवतात काय आणि श्वासमार्गातील अडथळा औषधाने हटतो काय, हे पाहावे लागते. 5 वर्षांखालील बालकाला फुंकण्याची चाचणी सहसा जमत नाही. तेथे डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि आईने सांगितलेली हकीकत हीच साधने. नेमका हा वेळच गरिबाच्या वाट्याला येत नाही.

सेवाग्रामला 1969 साली ग्रामीण जनतेसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही या जिल्ह्याची पुण्याई. पण मजूर आई तेथे पोहोचते ती दिवसाची मजुरी बुडवूनच. 2013 साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत श्वासमार्गाच्या या विकाराचा समावेश आहे. म्हणजे शासनाला प्रश्न ठाऊक आहे. तरीही जगातील दम्याच्या मृत्यूंपैकी सुमारे 40 टक्के भारतात होतात, असा 2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. श्वासावाटे घ्यावयाची स्टिरॉइड औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. त्यांची मात्रा गोळीच्या मानाने अत्यल्प असते. ‘पंपाची सवय लागते’ हा निव्वळ गैरसमज होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासाचा वेग मोजणारी स्वस्त नळी आणि ही औषधे बारमाही, मोफत मिळाली पाहिजेत. शाळेतील तपासणीत खोकणाऱ्या मुलाची नोंद होऊन त्याचा पाठपुरावा झाला पाहिजे. श्वास ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो हक्क आहे, आणि हक्क संघटित होऊनच मिळवावा लागतो.