न वाजणाऱ्या पाच तारा

गेल्या वर्षी वाड्यावरच्या एका कार्यक्रमात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवली. सरकारी कारकून, वय चव्वेचाळीस, डोक्यावर केस बेताचे आणि गळ्यात गिटार! लोक हसले असते तरी चाललं असतं. पण घरी परतताना मुलीने विचारलं, "बाबा, ते गाणं कुठलं होतं?" दोन वर्षं जे ती रोज भिंतीपलीकडून ऐकत होती, तेच तिला ओळखता आलं नव्हतं. त्या रात्री गिटार खोळीत गेली ती महिनाभर बाहेर आली नाही.

गाणं होतं कार्लोस सान्तानाचं 'सांबा पा ती', १९७० च्या 'अब्राक्सास' या अल्बममधलं. त्यात शब्द नाहीत, गायक नाही, गिटारच गाते. सुरुवात इतकी संथ की नवशिक्याला वाटतं, हे तर सोपं. तिथेच तो फसतो. जलद वाजवताना एक सूर चुकला तर पुढचा येऊन त्याला झाकतो. संथ चालीत झाकायला कोणी येत नाही.

शेवटी पलीकडच्या वाड्यावरच्या एका निवृत्त वादकाकडे गेलो. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजावरच्या बँडमध्ये काढली. गावात त्यांना सगळे मेस्त म्हणतात. मी दोन ओळी वाजवल्या. ते उठले, अ‍ॅम्प्लिफायरवरचं डिस्टॉर्शन शून्यावर आणलं आणि म्हणाले, "आता परत. सवकास."

खरखर गेली आणि माझी चोरी उघडी पडली. सूर अर्धवट चढत होते आणि शेजारच्या तारा नकळत गुणगुणत होत्या. मेस्त म्हणाले की तू एक तार वाजवतोस, पण वाजतात सहा. उरलेल्या पाच गप्प बसवायला शीक, गाणं आपोआप ऐकू येईल.

मंडळी, स्वच्छ वादन म्हणजे एवढंच, आणि हे एवढंच फार कठीण आहे. उजव्या तळहाताची कड जाड तारांवर हलकेच टेकवायची, डाव्या तर्जनीचा पोटाकडचा भाग बारीक तारांना नुसता शिवत ठेवायचा. डिस्टॉर्शन लावलं की बारीकसारीक स्पर्शही मोठा होऊन ऐकू येतो, म्हणून ही शिस्त आधी साध्या आवाजात अंगी बाणवायची. मेट्रोनोम साठवर ठेवायचा आणि सलग पाच वेळा बिनचूक आल्याशिवाय चौसष्टवर जायचं नाही. आवक-जावक नोंदवहीत वर्षं घालवलेल्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो.

दुसरी गोष्ट तार ओढण्याची. गिटारवाले तिला बेंड म्हणतात. तार पडद्यावर आडवी ओढायची की सूर चढतो. सतारीवर मींड घेतात ती याच युक्तीने. पूर्ण स्वर चढवायचा असेल तर आधी दोन पडदे पुढे बोट ठेवून तो सूर कानात भरून घ्यायचा, मग मागे येऊन तार ओढत नेमका तिथे पोचायचं. एकट्या बोटाने नव्हे. मागे आणखी दोन बोटांचा आधार आणि मनगटाचा पीळ हवा. थोडं कमी पडलं तरी कानाला खुपतं.

इथे मला आपल्या माणसांशी थोडं भांडायचं आहे. पेटी-तबला आपला, गिटार-व्हायोलिन 'त्यांचं', अशी वाटणी गोव्यात आपण मनातल्या मनात करून ठेवली आहे. चर्चच्या शाळांतून सॉल्फेज शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. आणि ज्या पेटीला आपण आपली म्हणतो, तिच्यावर मींड निघतच नाही! भजनात, नाट्यपदात ऐकून ऐकून आपल्या कानात मुरलेली मींड मला सापडली ती गिटारच्या तारेवर. सान्तानाचे वडील मारियाची व्हायोलिनवादक, तोही लहानपणी आधी व्हायोलिनच शिकला. त्याची गिटार गाते यात मला तरी नवल वाटत नाही.

काही जण म्हणतील, एवढी स्वच्छता केली की भावना मरते. मला उलटा अनुभव आला. भावना माझ्याकडे कार्यक्रमाच्या दिवशीही भरपूर होती, डोळे मिटून वाजवत होतो! ऐकणाऱ्यापर्यंत पोचला तो फक्त गोंगाट. हल्ली मोबाईलवर पोरं वेगाचे व्हिडिओ पाहून पहिल्याच महिन्यात तसं वाजवायला धावतात. त्यांना माझं सांगणं एकच: आधी एक ओळ अशी वाजवा की घरातल्या माणसाला ती गुणगुणता येईल.

मेस्तांकडे जाऊन आठ महिने झाले. पहिल्या ओळीतला लांब सूर दहातल्या तीन वेळा अजून खालीच राहतो. पण परवा संध्याकाळी मी वाजवायचा थांबलो, तर स्वयंपाकघरात मुलगी भाकरी थापता थापता पुढची ओळ गुणगुणत होती. मी काही बोललो नाही. मेट्रोनोम पुन्हा साठवर लावला.