तापलेल्या मुलाची हजेरी

बहुतेक शाळांच्या स्नेहसंमेलनात वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाचं नाव पुकारलं जातं. टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळतं, पाहुण्यांबरोबर फोटो निघतो. हे बक्षीस बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई म्हणून मांडते आहे. मूल वर्षभर आजारी पडलं नाही, यात त्याचं कर्तृत्व काही नाही. आजारी असूनही ते वर्गात येऊन बसलं असेल, तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. आजारी मुलाला शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हे मुलाकडे बघून ठरवायचं असतं. आपण ते हजेरीपटाकडे, घटक चाचणीच्या वेळापत्रकाकडे आणि स्वतःच्या शिल्लक रजांकडे बघून ठरवतो.

हजेरीचा आग्रह उगाच आलेला नाही, हे मला मान्य आहे. शेतीच्या कामासाठी, ऊसतोडीला जाताना, धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेतून काढण्याचा आपला इतिहास फार जुना नाही. म्हणूनच राज्य सरकारने गरीब घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठेवला. मूल रोज शाळेत यावं यासाठी खस्ता खाल्लेल्या शिक्षकांविषयी मला आदर आहे. पण मुलाला कामाला जुंपू नका, हे सांगणं वेगळं आणि एकशेदोन ताप असलेल्या मुलाने दप्तर उचलून यावं, ही अपेक्षा वेगळी. पहिल्यातून दुसरं निघत नाही.

आता घराघरांत दिली जाणारी उत्तरं एकेक करून बघू. पहिलं उत्तर आजी-आजोबांचं: "आम्ही नाही का गेलो? एवढ्याशा कणकणीला कोणी घरी बसत नव्हतं." हे खरं नाही. याच आज्या कांजिण्या आलेल्या मुलाला वेगळ्या खोलीत ठेवत, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत आणि पाहुण्याला उंबऱ्याबाहेरून परत पाठवत. खपल्या पडेपर्यंत ते मूल शाळेचं तोंड बघत नसे. आजचा डॉक्टरही वेगळं सांगत नाही: शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी ठेवा. जुन्या पिढीला संसर्ग नीट कळत होता. आणि घटसर्पाने, गोवराने, डांग्या खोकल्याने जी मुलं त्या काळी दगावली, ती आज "आम्ही नाही का गेलो" म्हणायला उरलेली नाहीत.

याच सुरात प्रतिकारशक्तीची गोष्ट येते. संसर्ग होतात तशी शरीराला जंतूंची ओळख पटते, हे बरोबर आहे. पण ती ओळख पटायला तापात गणिताच्या तासाला बसावं लागत नाही. अंथरुणात झोपूनही ती पटते. शिवाय वर्गात एकटं आपलंच मूल नसतं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला दमा असू शकतो. कोणाच्या घरी दोन महिन्यांचं तान्हं बाळ असतं, कोणाच्या घरी मधुमेहाची आजी असते. एखादं मूल रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेऊन वर्गात परतलेलं असतं, आणि इतरांना आठवडाभर खाज देऊन जाणाऱ्या कांजिण्या त्याच्या जिवावर उठू शकतात.

दुसरं उत्तर मला सगळ्यात जास्त त्रास देतं: "औषध देऊन पाठवलंय." ते वर्गात कसं दिसतं, हे पालकांनी एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. सकाळी मूल प्रार्थनेला उभं असतं, चेहरा बरा दिसतो, पाढे म्हणतं. मधल्या सुट्टीच्या सुमारास ते बाकावर डोकं टेकवतं. मी जवळ जाते, कपाळाला हात लावते, तर कपाळ भाजत असतं. ओठ कोरडे, डबा उघडलेलाही नाही. विचारलं की हळूच सांगतं, "बाई, आईने गोड औषध दिलंय. तुम्हाला सांगू नको म्हणाली." मग शिपाईमावशी त्याला ऑफिसातल्या खुर्चीवर बसवून ओल्या रुमालाने पुसत राहतात आणि आम्ही फोन लावत राहतो. आई मीटिंगमध्ये असते, बाबांचा फोन लागत नाही, रिक्षाकाका शाळा सुटल्याशिवाय येत नाहीत. दोन-अडीच तास ते मूल त्या खुर्चीवर पेंगत असतं.

यात गूढ काही नाही. पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास राहतो. ते अंगाचं तापमान खाली आणतं, विषाणूला काहीही करत नाही. औषधाने ताप उतरलेलं मूल बरं झालेलं नसतं, आणि फ्लूचा संसर्ग तर दुखण्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच सर्वांत जास्त पसरतो. म्हणून अनेक बालरोगतज्ज्ञ ही कसोटी सांगतात: औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तर शाळा. ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, घरात थर्मामीटर ठेवा.

आपल्याकडे पावसाळ्यात याला आणखी एक पुरवणी जोडावी लागते. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, मध्ये डास लागतो. त्यामुळे "त्याचा ताप कोणाला लागणार नाही" म्हणून पालक निर्धास्त असतात. पण डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरताना सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी मूल शाळेत आलं आणि तिथे त्याचं पोट दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा ते निपचित पडलं, तर आम्ही शिक्षक काय करणार? अशा वेळी चोवीस तासांची कसोटीही अपुरी आहे. डॉक्टर म्हणतील तेव्हाच शाळा. घरी ठेवण्याची कारणं दोन असतात. एक, दुसऱ्यांना लागू नये म्हणून. दुसरं, या मुलाला विश्रांती आणि कोणाची तरी सतत नजर हवी म्हणून. पहिलं नसेल तरी दुसरं पुरेसं असतं.

तिसरं उत्तर अभ्यासाचं: "पोर्शन बुडतो." दुसरीतल्या मुलाचा तीन दिवसांत जो अभ्यास बुडतो तो भरून काढणं माझं काम आहे, आणि ते मी एका शांत तासात करू शकते. ताप असलेल्या मुलाला मी त्या दिवशी काहीही शिकवू शकत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठीसुद्धा हजेरीची अट ७५ टक्क्यांची आहे, आणि आजारपणासाठी तीतही सवलत मागता येते. दुसरीतल्या मुलाकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा मग कोणत्या हिशेबाने? बक्षिसाने हजेरी वाढते, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. कार्ली रॉबिन्सन, टॉड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. बक्षिसाचं आधी आश्वासन दिल्याने हजेरीत एकंदरीत फरक पडला नाही, आणि ज्यांना पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र अचानक हाती दिलं त्यांची पुढची हजेरी उलट घसरली. म्हणजे ज्यासाठी हे बक्षीस ठेवायचं, तेही त्यातून साधत नाही.

"लक्षणं दिसायच्या आधीच जंतू पसरलेले असतात, मग घरी ठेवून काय उपयोग?" असंही विचारतात, आणि ते विचारणारे बहुधा चांगले शिकलेले असतात. पुरळ यायच्या आधी चार दिवस गोवर पसरत असतो, हे खरं. पण तो पुरळ आल्यावरही चार दिवस पसरतो, आणि गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर कसा फिरला, हे आपण पाहिलं. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आळंदीतल्या मुलांत दिसली आणि राज्यभर पसरली. सहा वर्षांचं मूल डोळे चोळतं, मग शेजारणीचं खोडरबर उचलतं. त्याला "डोळ्यांना हात लावू नकोस" हे तासभरसुद्धा पाळता येत नाही. साथ असताना डोळ्यांतून पाणी आणि चिपडं येणं थांबेपर्यंत त्याला घरी ठेवावं, या मताची मी आहे. उलट्या-जुलाबांत शेवटच्या उलटीनंतर किंवा जुलाबानंतर अठ्ठेचाळीस तास थांबावं, कारण पोट शांत वाटू लागलं तरी शौचावाटे जंतू जात राहतात, आणि शाळेच्या नळाला साबण असतोच असं नाही.

इथवर जे पालक मान डोलावत आले असतील, त्यांच्यातल्या काहींशीही माझं भांडण आहे. कोविडनंतर दुसरं टोक तयार झालं. जराशी शिंक आली की मूल घरी, आणि काही शाळांच्या सूचनेतही "सर्दी-खोकला असल्यास पाल्यास पाठवू नये" असं सरसकट वाक्य असतं. निरोगी लहान मुलालाही वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते आणि एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. दरवेळी घरी ठेवलं तर ते वर्षातले दोन-अडीच महिने घरीच राहील. नाक वाहतंय, पण मूल नाश्ता करतंय, भावाशी भांडतंय, सायकलवर बसतंय? खुशाल पाठवा, खिशात दोन रुमाल द्या. इंग्लंडमध्येही कोविडनंतर गैरहजेरी इतकी वाढली की मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांना सप्टेंबर २०२३ मध्ये पत्र काढून सांगावं लागलं, की किरकोळ सर्दी-खोकल्यात मुलांनी शाळेत यायला हरकत नसते. डोक्यात उवा झाल्या म्हणून तर कोणत्याही मुलीला घरी ठेवू नये. बारीक फणी आणि औषध पुरे, तिला लाजवण्याची गरज नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर प्रश्न शाळेत पाठवण्याचा उरत नाही. क्षयाची तपासणी करून घ्यावी.

सोमवारी सकाळी दुखणाऱ्या पोटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सात वाजता मूल कळवळतं, शाळेची वेळ टळली की नऊला पोहे मागतं. घरचे म्हणतात, नाटक करतोय. मी म्हणते, त्याचं पोट खरंच दुखत असतं. भीतीनेही पोटात कळ येते. अशा मुलाला दिवसेंदिवस घरी ठेवणं चूक, आणि फरफटत गेटपर्यंत आणून सोडणंही चूक. त्याला शाळेत पाठवावं आणि त्याच दिवशी येऊन माझ्याशी बोलावं. अशा पोटदुखीमागे काय निघतं? शाळेचं स्वच्छतागृह घाण आहे म्हणून दिवसभर लघवी दाबून धरणारी मुलगी. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर चिमटे काढणारा मोठा मुलगा. वाचता येत नाही आणि आज उभं राहून वाचायची पाळी आहे. हे सिरपने बरं होणारं नाही.

शाळांनीही आपल्या अंगणात बघावं. एका दिवसाच्या तापासाठी डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट मागणं बंद करावं. त्यासाठी बरं झालेलं मूल दवाखान्याच्या गर्दीत तासभर बसतं, तिथून नवीन दुखणं घेऊन येतं, आणि मजुरी बुडवून आलेल्या बापाला फी भरावी लागते. पालकाची चिठ्ठी पुरेशी मानावी.

आणि आता सगळ्यात अवघड आक्षेप. "घरी ठेवा म्हणणं सोपं आहे, पण घरी आहे कोण?" यावर माझ्याकडे चटपटीत उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही. औषध पाजून गुपचूप पाठवणाऱ्या त्या आईवर मी रागावत नाही. राज्य सरकारी सेवेतल्या आईला १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ किरकोळ रजा देतो. स्वतःच्या आणि मुलाच्या आजारपणांना मिळून त्या किती पुरणार? धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या आईला एकही रजा नाही. तिच्या मुलाला शाळेतला पोषण आहार हेच कधीकधी दिवसातलं नीट जेवण असतं. अशा घरात धाकटा आजारी पडला की त्याच्याबरोबर चौथीतली, सहावीतली बहीणही घरी राहते. एका तापात दोन मुलांची शाळा बुडते, आणि दुसरी गैरहजेरी जवळजवळ नेहमी मुलीची असते. हजेरीच्या बक्षिसाची खरी क्रूरता मला इथे दिसते: ती मुलगी कधीच त्या व्यासपीठावर जाणार नाही, आणि तिच्याइतकी जबाबदारी वर्गात दुसऱ्या कोणी उचललेली नसते.

म्हणून मुलांच्या आजारपणासाठी वेगळी भरपगारी रजा सगळ्या आस्थापनांत हवी, आई आणि बाप दोघांनाही हवी, आणि ज्यांना आस्थापनाच नाही त्या बायकांसाठी कल्याणकारी मंडळांनी बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायला हवी. तोवर प्रत्येक शाळेत एक स्वच्छ खाट, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि जवळ बसणारं माणूस एवढं तरी असावं. बक्षिसावर होणारा खर्च त्याकडे वळवता येईल. प्रवेश अर्जावर दोन्ही पालकांचे नंबर घेतलेले असतात, तरी ऑफिसातून पहिला फोन आईलाच जातो. यापुढे मी माझ्या वर्गापुरता तो वडिलांना लावायला सांगणार आहे.