मापनकक्षातील टेबलावरचा हब

पुणे–बेंगळुरू महामार्गालगत, कोल्हापूर जिल्ह्यातील कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखा इंजिनांचा मोठा कारखाना आहे, उंची सुती कापडाच्या गिरण्या आहेत आणि त्यांच्या जोडीने ओतकाम, यंत्रण व जुळणी करणारे लहानमोठे उद्योग उभे आहेत. या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या सुट्या भागाचे मोल आता केवळ त्याच्या धातूवर आणि घडणीवर ठरत नाही, तर त्या भागासोबत ग्राहकाकडे जाणाऱ्या मोजमापांच्या नोंदीवरही ठरते. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेली आयएटीएफ १६९४९ ही गुणवत्ता व्यवस्थापनाची प्रमाणपद्धती कोणत्या हीटमधील, म्हणजे भट्टीच्या कोणत्या वितळणीतील, कोणता जॉब कोणत्या गेजने मोजला याचा माग मागते. हा माग पूर्वी वहीत असे आणि आता तो लॅपटॉपमध्ये असतो. गेजपासून लॅपटॉपपर्यंत तो ज्या तारेतून जातो, त्या तारेकडे मात्र अजून कोणी यंत्रसामग्री म्हणून पाहत नाही, आणि हीच गोष्ट येथे गांभीर्याने मांडावयाची आहे.

मध्यम आकाराच्या मशीन शॉपच्या मापनकक्षात एका लॅपटॉपला किती वस्तू जोडल्या जातात याची नुसती गणती केली तरी प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. डिजिटल व्हर्निअर, हाइट गेज आणि बोअर गेज यांच्या डेटा केबल, पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारे उपकरण, बारकोड स्कॅनर, लेबल छापणारा प्रिंटर, वजनकाटा, मापन किंवा कॅमच्या सॉफ्टवेअरचा परवाना ज्यात साठवलेला असतो ते डोंगल, माऊस आणि अधूनमधून लागणारा पेन ड्राइव्ह, असा हा परिवार असतो. लहान युनिटमध्ये तोच लॅपटॉप कार्यालयाच्याही कामी येत असल्याने ई-निविदा भरण्यासाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्यातच भर घालते. अलीकडच्या लॅपटॉपला यूएसबीच्या खाचा मात्र दोन किंवा तीन असतात. म्हणून बाजारातून मिळेल तो हब, म्हणजे एका खाचेच्या चार किंवा सात खाचा करणारी डबी, आणली जाते. ती भरली की तिच्यात दुसरी डबी लावली जाते आणि काही आठवड्यांतच ‘गेज कनेक्ट होत नाही’ ही तक्रार सुरू होते.

या तक्रारीचे मूळ समजण्यासाठी यूएसबी ही व्यवस्था कोणत्या जागेसाठी घडवली गेली हे पाहणे आवश्यक आहे. तिचा पहिला तपशीलग्रंथ जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीत ती आकारास आणणाऱ्या अभियंत्यांत अजय भट्ट यांचे नाव अग्रभागी घेतले जाते आणि त्यांचे शिक्षण सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने बडोद्यात उभ्या असलेल्या विद्यापीठात झाले, ही गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटावी. तोपर्यंत प्रिंटरला एक जोडणी, कीबोर्डला दुसरी, मोडेमला तिसरी आणि प्रत्येकीची रचना वेगळी, अशी स्थिती होती. ती संपवून कोणतीही वस्तू यंत्रणा चालू असतानाच लावता वा काढता यावी हा त्या रचनेचा हेतू होता. तो हेतू विलक्षण यशस्वी झाला. परंतु डोळ्यांसमोर होते ते घरातील आणि कार्यालयातील टेबल. भट्टी, क्रेन आणि मोठ्या मोटारी यांच्या सान्निध्यातील टेबल नव्हे. कारखान्यासाठी त्याआधीपासून आरएस-२३२ ही सिरियल जोडणी वापरात होती, सीएनसी यंत्रांना प्रोग्रॅम तिच्यातूनच पाठवले जात, आणि आजही अनेक जुन्या यंत्रांशी व काट्यांशी बोलण्यासाठी यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर लावावा लागतो.

यूएसबीच्या एका नियंत्रकावर १२७ उपकरणे जोडता येतात हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. ते खरे आहे, कारण प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा पत्ता मिळतो आणि शून्य हा पत्ता नव्याने जोडलेल्या उपकरणासाठी राखलेला असतो. प्रत्यक्षात ही संख्या गाठण्याच्या फार आधी दुसऱ्या मर्यादा आड येतात. हबला हब जोडत जाण्याची साखळी पाच हबांपेक्षा लांब चालत नाही. हबच्या आतील नियंत्रकही या उपकरणांच्या गणतीत धरला जातो. आणि एकेका उपकरणाला माहितीच्या देवघेवीसाठी एकाहून अधिक वाटा लागत असल्याने नियंत्रकाची साधने संपून विंडोज तसा इशाराही देते. स्वस्त हबमध्ये आणखी एक मर्यादा दडलेली असते. गेज आणि स्कॅनर यांसारखी मंद उपकरणे सेकंदाला फार तर १२ मेगाबिट या वेगाने बोलतात, तर यूएसबी २.० चा मुख्य मार्ग ४८० मेगाबिटांचा असतो. या दोन वेगांची सांगड घालणारा अनुवादक परिपथ साध्या हबमध्ये सर्व खाचांना मिळून एकच असतो आणि चांगल्या हबमध्ये प्रत्येक खाचेला स्वतंत्र असतो. बाहेरून दोन्ही डब्या सारख्याच दिसतात.

तथापि पत्ते आणि वेग यांपेक्षा मापनकक्षात अधिक छळते ती वीज. यूएसबीच्या तारेतून माहितीबरोबर पाच व्होल्टचा पुरवठाही जातो आणि प्रमाणानुसार यूएसबी २.० च्या खाचेतून एका उपकरणाला ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह मिळतो. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसतो तो हे ५०० मिलिअँपिअर स्वतः घेतो आणि स्वतःपुरते ठेवून पुढच्या चार खाचांना प्रत्येकी १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. त्यात तारेचा प्रतिरोध मिसळतो. २८ गेजच्या बारीक तारेत दर मीटरला सुमारे ०.२१ ओम प्रतिरोध असतो. तीन मीटरच्या केबलमध्ये प्रवाह जाऊन परत येतो म्हणजे सहा मीटर तार धरावी लागते, तिचा प्रतिरोध जवळपास १.३ ओम होतो आणि अर्ध्या अँपिअरला ०.६ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यापर्यंत पाणी जसे कमीच पोहोचते, तसे साखळीच्या टोकाच्या उपकरणाला साडेचार व्होल्टही मिळत नाहीत. अशा वेळी उपकरण पूर्ण बंद पडले तर दोष लगेच कळतो. खरा घोटाळा ते कधी चालते आणि कधी चालत नाही तेव्हा होतो, कारण लेबल प्रिंटर किंवा बाहेरची हार्ड डिस्क सुरू होताच दाब क्षणभर खाली येतो, शेजारचे गेज तुटते आणि पुन्हा जोडले जाते, आणि मधल्या वाचनाची नोंद होतच नाही. मापन करणाऱ्याला वाटते की कळ दाबली, म्हणजे आकडा गेला.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा आहे आणि कोल्हापूर परिसरात तो विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील ओतकाम कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीकडून मोठ्या प्रमाणावर इंडक्शन भट्टीकडे, म्हणजे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने धातू वितळवणाऱ्या भट्टीकडे वळले आहे. अशी भट्टी आणि मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह वीजवाहिन्यांत व अर्थच्या तारेत मोठी विद्युत गडबड सोडतात. यूएसबीच्या केबलमध्ये लॅपटॉप आणि उपकरण यांचा शून्य दाबाचा धागा एकच असतो. त्यामुळे लॅपटॉपचा अडॅप्टर एका अर्थला, स्वतंत्र विजेवर चालणारे उपकरण दुसऱ्या अर्थला आणि दोहोंमध्ये ही तार, असे वर्तुळ तयार झाले की दोन अर्थमधील दाबाच्या फरकामुळे प्रवाह त्या बारीक धाग्यातून वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. जेथे संकेत अतिसूक्ष्म असतो तेथे याचा परिणाम गंभीर होतो. वितळलेल्या बिडातील कार्बन समतुल्य काढण्यासाठी छोट्या कपात धातू ओतून त्याच्या थंड होण्याचा आलेख घेतला जातो आणि त्या कपातील के प्रकारचे थर्मोकपल प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ४० मायक्रोव्होल्ट इतकाच दाब निर्माण करते; म्हणजे या संकेतात एक मिलिव्होल्ट गडबड शिरली, तर तापमानाचे वाचन सुमारे २५ अंशांनी चुकते. एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियमची प्रक्रिया करून ग्राफाइटला गोलाकार दिलेले बीड, ओतताना तर वेळही हातात नसतो, कारण मॅग्नेशियमचा प्रभाव काही मिनिटांत ओसरतो. स्पेक्ट्रोमीटरचा किंवा आलेखाचा निकाल पडद्यावर यायला हवा त्याच क्षणी जोडणी तुटली तर पर्यवेक्षकापुढे दोनच वाटा उरतात: निकालाविना ओतणे किंवा धातू परत भट्टीत टाकणे. दोन्ही महागात पडतात.

हा दोष ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. लॅपटॉपचा अडॅप्टर काढून तो केवळ बॅटरीवर चालवावा. वाचन स्थिर झाले किंवा जोडणी तुटायची थांबली, तर दोष बहुधा अर्थच्या वर्तुळात आहे. उपाय म्हणून यूएसबी आयसोलेटर मिळतो, जो माहिती पुढे पाठवतो पण दोन बाजूंचा विद्युत संबंध तोडतो. यातील नेहमीचे प्रकार १२ मेगाबिट वेगाचेच असले तरी गेज आणि तापमापक यांना तो वेग पुरून उरतो. अडॅप्टरची तिसरी पिन कापून अर्थ तोडण्याचा जो उपाय काही ठिकाणी केला जातो, तो मात्र माणसाच्या जिवाशी खेळ आहे आणि त्याचे कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही. अंतर पाच मीटरपेक्षा जास्त असेल तर यूएसबी २.० ची केबल लांबवण्याचा नाद सोडावा, कारण तिची प्रमाणित मर्यादाच तेवढी आहे. शंभर मीटरपर्यंत चालणारी आणि दोन्ही टोकांना रोहित्राने विलग असलेली इथरनेट जोडणी किंवा त्याहून दूर जाणारी आरएस-४८५ ही पद्धत तेथे योग्य ठरते.

उरलेले काही त्रास लहान असले तरी रोजचे आहेत. ज्या सिरियल कन्व्हर्टरमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नोंदलेला नसतो, तो दुसऱ्या खाचेत लावताच विंडोज त्याला नवा कॉम पोर्ट क्रमांक देते, आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहते. पाळी बदलताना साफसफाईत तारा काढून पुन्हा लावल्या की सकाळी चालणारा वजनकाटा दुपारी का चालत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते; म्हणून खाचेला आणि तारेला एकच क्रमांक चिकटवणे हा बिनखर्चाचा इलाज आहे. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप वापरात नसलेली यूएसबी उपकरणे झोपवतो, ती सोय मापनाच्या लॅपटॉपवर बंद ठेवावी. यूएसबी ३.० च्या देवघेवीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो, आणि बिनतारी स्कॅनर व माऊस बहुधा त्याच पट्ट्यात चालत असल्याने त्यांचा रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारच्या खाचेत लावू नये. पेन ड्राइव्हचा विषय तर स्वतंत्र लेखाचा आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटपासून तोडलेल्या कारखान्यातही यूएसबीच्या वाटेने शिरता येते हे जगाला दाखवून दिले. तेव्हा ज्या लॅपटॉपवर मापनाच्या नोंदी आहेत, त्यात बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह न लावण्याचा नियम लहान युनिटनेही पाळणे इष्ट आहे.

या साऱ्या दोषांचा भार शेवटी कोणावर पडतो, हा प्रश्न तांत्रिक नसला तरी टाळता येण्याजोगा नाही. ऑडिटच्या दिवशी नोंदीत खंड आढळला की क्वालिटीच्या माणसाला जाब विचारला जातो, आणि तो माणूस बहुधा पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी असते. जोडणी तुटल्याने न गेलेले वाचन नंतर आठवणीने भरले जाते, आणि आठवणीने भरलेला आकडा प्रामाणिक माणसाने भरला तरी ते मोजमाप उरत नाही. मशीनसाठी कर्ज काढणारा, गेजच्या कॅलिब्रेशनसाठी दरवर्षी पैसे मोजणारा उद्योजक हब आणि केबल मात्र स्टेशनरीच्या खर्चातून आणतो, ही विसंगती आहे. ती अज्ञानातून आलेली आहे, कंजुषीतून नव्हे, आणि म्हणूनच ती दूर होऊ शकते.

कागल, गोकुळ शिरगाव आणि शिरोली येथील उद्योजकांना विनंती इतकीच की पुढच्या खरेदीच्या यादीत स्वतःचा अडॅप्टर असलेला, धातूच्या आवरणाचा आणि टेबलाला स्क्रूने बसवता येणारा एक हब, कमी लांबीच्या जाड व आवरणयुक्त केबल आणि संवेदनशील उपकरणापुरता एक आयसोलेटर यांचा समावेश करावा, त्या हबला आणि केबलना गेजप्रमाणेच ओळखक्रमांक देऊन त्यांची नोंद देखभालीच्या रजिस्टरमध्ये घ्यावी, आणि त्या टेबलाचे अर्थिंग पुढील पावसाळ्यापूर्वी एकदा परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे.