दुसऱ्याच्या टँकरवर

२२ मार्च २०१६. जागतिक जलदिन. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात आई टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी होती. तीनच आठवड्यांनी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं.

त्याच २२ मार्चला जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचं एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं आणि त्यानं एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. जेमतेम ११ ओळी. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची. त्या गेल्या आणि बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले.

गंमत म्हणजे, अडकलेल्यांपैकी बहुतेकांनी लेफ्ट-पॅड मागवलंच नव्हतं. त्यांनी एक मागवलं, त्यानं दुसरं, दुसऱ्यानं तिसरं. हीच ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी. बोअर आपल्या नावावर असतो, पण खालचं पाणी कुणाकुणाच्या रानातून येतं ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जो बिल्ड दुसऱ्याच्या सर्व्हरच्या मर्जीवर उभा आहे, तो तुमचा नाही. आणि हे ठाऊक असून गप्प बसणं हा अडाणीपणा नाही, आळस आहे.

हे मला अंगावर आल्यावर उमगलं. २०२४ चा ऑगस्ट संपत आला होता. दूध संकलन केंद्रांचं एक जुनं अँड्रॉइड ॲप माझ्याकडे होतं. फॅटचा दर चुकत होता. दुरुस्ती दोन ओळींची. दहा दिवसांचं बिल निघायला दोन दिवस उरलेले. नव्या मशीनवर बिल्ड लावला, तर लाल. आमची एक लायब्ररी आतून दुसरी छोटी लायब्ररी मागवायची आणि ती फक्त जेसेंटरवर होती. जेसेंटर बंद करणार, हे जेफ्रॉगनं फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केलेलं. मी दोनदा विषय काढला होता. दोन्हीदा उत्तर एकच: ‘चालतंय ना? मग हात लावू नको.’

शेवटी ती फाइल एका सहकाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपच्या कॅशमध्ये सापडली. त्यानं तो आदल्या महिन्यात विकला असता, तर भुर्दंड आमच्या मॅनेजरला पडला नसता. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला पडला असता.

‘मग काय सगळं स्वतःच लिहायचं?’ हा ठरलेला प्रश्न. नाही. आपलं तेर घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड गाड्यांमधून भडोचला जायचं, ‘पेरिप्लस’मध्ये तशी नोंद आहे. देवघेवीशिवाय कुणाचंच चालत नाही. पण माल पारखून घ्यायचा असतो आणि थोडा घरात साठवायचा असतो.

म्हणजे काय? लॉक फाइल रेपोत ठेवा आणि चेकसम तपासा, म्हणजे काल आलं तेच आज येईल. लागणाऱ्या प्रत्येक पॅकेजची प्रत स्वतःच्या मिररवर ठेवा. पत्तेही तपासा. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी जुन्या नावानं आलेलं पत्र इथंच पोचतं. गिटहबवर कुणी खात्याचं नाव बदललं, तर सोडलेलं जुनं नाव भलताच माणूस घेऊ शकतो आणि त्या पत्त्यावरून त्याचा माल तुमच्या बिल्डमध्ये उतरू शकतो.

आणि ज्यांचं फुकट वापरता, त्यांना काही द्या. ‘एक्सझेड’ची देखभाल जवळजवळ एकटा, थकलेला माणूस करत होता. एका अनोळख्यानं मदतनीस बनून दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंडला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, म्हणून तो पकडला गेला. तिथं लॉक फाइल नाही, माणूस कामी आला.

आज आमच्या गावात नळ आहे. तरी आई हौद रिकामा होऊ देत नाही. तिनं कुठल्याही कंपनीत नोकरी केलेली नाही. आपण केलीय, आणि आपला हौद अजून एका सहकाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे.