बाबांची गाडी आणि गावची एस.टी.

नोव्हेंबर महिना लागला की लाखनी, साकोली, पवनी, तुमसर अशा कुठल्याही गावच्या बँकेसमोर सकाळी दहाच्या सुमारास एक ठराविक गर्दी दिसू लागते. निवृत्त मास्तर, ग्रामसेवक, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून सेवानिवृत्त झालेले कामगार हयातीचा दाखला देण्यासाठी आलेले असतात. यातले पुष्कळजण स्वतः दुचाकी चालवीत येतात. कुणी पंच्याहत्तरीचे, कुणी ऐंशीचे, क्वचित कुणी त्याही पुढचे. एखाद्याला गाडी स्टँडवर चढवायला बँकेच्या शिपायाचा हात लागतो. दुसरा एखादा किल्ली गाडीलाच ठेवून आत जातो. आपण हयात आहोत हे सिद्ध करण्यासाठी ही माणसे ज्या रस्त्याने येतात, तो रस्ताच त्यांच्या हयातीची परीक्षा पाहणारा असतो.

या वयात यांनी गाडी चालवावी काय? आपल्याकडे हा प्रश्न घराच्या चार भिंतींआड निघतो आणि बहुधा भांडण म्हणूनच निघतो. पुण्याचा मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, ती गाडी विकून टाका आता." बाबांचे उत्तर ठरलेले असते, "मग धानाच्या बांध्या पाहायला तू येतोस काय?" दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे भांडण मिटत नाही. मी स्वतः बहात्तर वर्षांचा आहे आणि माझ्या खिशातही वाहन परवाना आहे. तेव्हा या वादात मी अगदीच तटस्थ नाही, हे ध्यानात घेऊनच वाचकांनी पुढचे वाचावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात वाहन चालविण्यासाठी किमान वय आहे. कमाल वय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला परवाना एकावेळी पाच वर्षांचाच मिळतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी नमुना '१-अ' मधले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. चष्म्याने दृष्टिदोष भरून निघतो काय, लाल-हिरवा रंग ओळखता येतो काय, चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते काय, रातांधळेपणा, बहिरेपणा, हातापायात व्यंग आहे काय, अशी त्यातली विचारणा असते. प्रश्न चुकीचे नाहीत. ते प्रामाणिकपणे तपासायचे तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. आपला स्वतःचा दाखला किती मिनिटांत मिळाला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

याच कायद्याच्या सोळाव्या कलमात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखादा माणूस वाहन चालविण्यास अयोग्य झाला आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी मुदत संपण्यापूर्वीही नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. म्हणजे कायद्याने वयाची भिंत उभारलेली नाही, फाटक ठेवले आहे. फाटकावर माणूस उभा आहे की नाही, एवढाच प्रश्न.

कायद्याला एक मोठी पळवाटही आहे. ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग नसलेल्या आणि अडीचशे वॅटपर्यंतच्या बॅटरीच्या दुचाकीला नोंदणीही लागत नाही आणि चालविणाऱ्याला परवानाही लागत नाही. परवाना गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी अशी गाडी घेऊन त्याच रस्त्यावर येऊ शकतो. आणि जो परवान्याची मुदत संपल्यावरही जुनीच गाडी दामटतो, त्याच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे की अपघात झालाच तर विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. दहा रुपयांचे काम टाळल्यामुळे शेताचा तुकडा विकण्याची पाळी येऊ शकते.

शरीर काय म्हणते?

वय म्हणजे क्षमता नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. जे.आर.डी. टाटा यांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची ते मुंबई हे आपले पन्नास वर्षांपूर्वीचे उड्डाण पुन्हा एकदा करून दाखविले होते. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या नव्वदीच्या एका आजीबाई २०२१ मध्ये मोटार शिकल्या, तेव्हा देशभर त्यांचे कौतुक झाले. पण कौतुकाच्या बातम्यांवरून नियम ठरत नसतात. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला पासष्टीनंतर बसू देत नाहीत, आणि आपल्या एस.टी.चा चालक साठीच्या आतच घरी बसतो.

म्हातारपण डोळ्यांत आधी उतरते. मोतीबिंदू पिकू लागला की समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा एका ठिकाणी न राहता सगळीकडे फाकतो. काचबिंदू त्याहून फसवा. तो बाजूची नजर हळूहळू खातो आणि माणसाला पत्ताही लागू देत नाही. मान वळत नाही. मधुमेहाच्या काही औषधांनी साखर अचानक उतरते, तर झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांनी हातपाय जड होतात. यातले काहीही एका दिवसात होत नाही, म्हणूनच ते ज्याचे त्याला कळत नाही.

आता हे आपल्या रस्त्यावर मांडून पाहू. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा ५३, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. गावाचा फाटा महामार्गाला मिळतो तिथे उजवीकडे वळायचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा अंदाज एकाच वेळी घ्यावा लागतो. ताशी ऐंशीने येणारा ट्रक सहा सेकंदांत सुमारे १३० मीटर कापतो. रस्ता ओलांडायला सहा सेकंद लागणाऱ्या माणसाला सव्वाशे मीटरवरच्या ट्रकचा वेग ओळखता आला पाहिजे. वृद्ध चालक अपघातात सापडतात ते बहुतेक अशा चौकांत आणि वळणांवर, वेगाने गाडी हाकताना नव्हे, हे जगभर आढळून आले आहे. त्यात धानाच्या कापणीचे दिवस असले, सांज झाली असली आणि समोर मागचा दिवा नसलेली ट्रॉली असली, तर तरुण डोळेही चुकतात.

दोष म्हाताऱ्यांवर ढकलू नये

असे असले तरी रस्त्यावरच्या मरणांचा दोष म्हाताऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यातले दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ या वयातले होते आणि सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. आपल्या जिल्ह्यात रात्री तिघांना बसवून भरधाव जाणारा पोट्टा हा ऐंशीच्या आजोबांपेक्षा मोठा धोका आहे.

जपानमध्ये हा प्रश्न फार आधी आला. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला आणि एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. सारा देश हळहळला. त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने आपण होऊन परत केले. परत करणाऱ्याला तिथे एक प्रमाणपत्र मिळते, आणि ते दाखविले की पुष्कळ ठिकाणी बसभाड्यात सूट मिळते. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्या चालकांनी विशिष्ट नियमभंग केले आहेत, त्यांना नूतनीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते.

डेन्मार्कचा अनुभव निराळा आहे. तिथे सत्तरीनंतर सर्वांचीच स्मरणशक्ती तपासण्याची पद्धत काही वर्षे चालली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे वृद्ध चालकांचे प्राणघातक अपघात घटले नाहीत. उलट पायी आणि सायकलने जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू वाढले. गाडी काढून घेतली तरी माणसाचे जाणे-येणे थांबत नाही. तो त्याच रस्त्यावर अधिक उघडा पडतो.

किल्लीच्या बदल्यात काय?

आपला खरा प्रश्न इथे सुरू होतो. टोकियोच्या आजोबांना मोटार सोडली तर पाच मिनिटांवर रेल्वे आहे. भंडारा शहराची रेल्वेसुद्धा गावाबाहेर, वरठीला. खेड्यातल्या म्हाताऱ्याला बँक, आठवडी बाजार, तहसील, दवाखाना आणि शेत, हे सगळे त्या एका दुचाकीने जोडलेले असते. ती गेली की तो शेजारच्या पोराच्या सवडीवर येतो, आणि दवाखान्याची एकेक तारीख चुकू लागते.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. योजना चांगलीच आहे. पण सवलत तिकिटात मिळाली, वेळापत्रकात नाही. ज्या गावाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी आहे, तिथल्या म्हाताऱ्याने तासाभराच्या कामासाठी दिवसभर स्टँडवर बसायचे काय? बाजाराच्या आणि दवाखान्याच्या वारी दुपारची एक परतीची फेरी वाढवली, तर कितीतरी गाड्या आपोआप अंगणात उभ्या राहतील. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणेही आता अटळ नाही. 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे आणि पोस्टमन घरी येऊनही तो दाखला काढून देतो. हे गावोगाव माहीत व्हायला हवे.

माझे मत एवढ्यावर येऊन ठरते. ठराविक वयाला परवाना बंद करणारा कायदा नको. पण सत्तरीनंतरचा दाखला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून, नीट तपासूनच मिळावा. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयांत वर्षातून दोनदा शिबिर घ्यावे. तपासणीत नापास होणाऱ्या पुष्कळांना परवाना सोडण्यापेक्षा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गरज असते, आणि ती सरकारी दवाखान्यात होते.

सरकारची वाट न पाहता घरातही चार गोष्टी ठरवता येतात. दिवस मावळल्यावर गाडी काढायची नाही. महामार्ग ओलांडायचा नाही. पावसात थांबायचे. आणि मागे नातवाला बसवायचे नाही. शेवटची अट सर्वांत कठीण, कारण नातवाला शाळेत सोडणे हे घरातले आजोबांचे मानाचे काम असते. पण स्वतःच्या जिवाचा धोका पत्करण्याचा हक्क म्हाताऱ्या माणसाला असला, तरी तो हक्क मागच्या सीटवरच्या पोरापर्यंत पोहोचत नाही. माझ्या वयाच्या माणसांना हे कुणी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दिवाळीला मुले गावी येतात. त्यांनी गाडी विकण्याचा विषय काढण्याआधी एकदा बाबांच्या मागे बसून बाजारापर्यंत जाऊन यावे. फाट्यावर ते दोन्हीकडे पाहतात काय, खड्डा त्यांना वेळेवर दिसतो काय, हे पाहावे. मग त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. आणि पुण्याला परतण्यापूर्वी गावकऱ्यांच्या सह्यांचा एक अर्ज आगारप्रमुखांकडे देऊन जावा, दुपारच्या फेरीसाठी.