दारचें झाड आणि पावसाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत वरळीस एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही गेलों असतां अंगणांतील जुन्या आंब्यावरून आजोबा-नातवांत वाद जुंपला होता. झाड आहे म्हणून अंगणांत पाणी सांचत नाहीं, असें आजोबांचें म्हणणें. नातू म्हणे, २००५ सालीं झाडें होतींच, तरी मुंबई बुडालीच ना? बुंध्यापर्यंत फरशी घालून तेथें मोटार उभी करावी, असा त्याचा बेत. निवाडा आमच्याकडे आला.

नातवाचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. २६ जुलै २००५ च्या त्या पावसानें सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरचा आंकडा गांठला. आतां हिशेब पाहूं. भरगच्च झाडाचीं पानें व फांद्या साधारणतः एक-दोन मिलिमीटर पाणी अंगावर धरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. झाडाचा विस्तार १०० चौरस मीटर व धारणा दीड मिलिमीटर मानली, तर १५० लिटर अडलें. ५ मिलिमीटरची सर म्हणजे ५०० लिटर. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा वरच्यावर राहिला. त्या प्रलयांतील ९४,४०० लिटरांपुढें मात्र तें कसपटासमान!

मग आजोबा चुकले काय? तसेंही नाहीं. सर येते, उघडीप पडते, वाऱ्यानें पानें सुकतात आणि पुढच्या सरीस पुन्हां सज्ज होतात. अमेरिकेंतील जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनीं अशा अडलेल्या पावसाचीं मोजमापें १९१९ सालींच प्रसिद्ध केलीं. उरलेलें पाणी पानांवरून ठिबकतें, किंवा फांद्यांवरून ओघळत बुंध्याशीं येतें. तें उशिरानें उतरतें, हाच लाभ. भरतीच्या वेळीं समुद्र गटारांचें पाणी घेत नाहीं. तेव्हां या विलंबाचें मोल वरळीकरांस निराळें सांगावयास नको.

पण बुंध्याशीं आलेलें पाणी मातीनें प्यावयाचें असतें. तेथें फरशी घातली, कीं झाडानें राखलेलें पाणीही सरळ गटारांत जाणार आणि मुळेंही गुदमरणार. म्हणून आमचा निवाडा असा: झाडाकडून प्रलय थोपविण्याची अपेक्षा आजोबांनीं सोडावी, आणि फरशीचा बेत नातवानें.

नातवानें आमचा हिशेब स्वतः ताडून पाहिला. मोटार आतां फाटकाबाहेर असते. ज्यांच्या दारीं झाड आहे त्यांनीं आजच बुंध्याभोंवतीं पाहावें, एवढीच विनंती.