मामांची चार राज्ये

नोव्हेंबर महिना आला म्हणजे आपण आपल्या मृतांच्या कबरी झाडतो, त्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्या वेळी आजूबाजूच्या दगडांवरील लेख जरा वाचून पाहावेत. तेथे निजलेला प्रत्येक माणूस शांत, प्रेमळ, कष्टाळू व धर्मशील होता असे आढळते. इतकी सद्गुणी मंडळी एकाच गावात नांदत होती, तर मग बांधावरून कज्जे कोण करीत होते, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

मराठीत या बाबतीत एका बाईंनी फार चांगली वाट घालून ठेविली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली वारले. पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. 1934 ते 1936 या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांत टिळक तसबिरीतून उतरून आल्यासारखे येत नाहीत. तापट, खर्चिक, दुसऱ्याच्या दुःखाने लगेच विरघळणारे, असे घरातले टिळक तेथे भेटतात. वाचणारा हसत असतो, आणि या बाईचे आपल्या नवऱ्यावर किती प्रेम होते हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट, आपण कॅथॉलिक. पण गेलेल्या माणसाची आठवण कशी काढावी एवढे शिकण्यास पंथाची अडचण नसावी.

हे सर्व मनात येण्यास कारण आमचे सिल्वासाचे थोरले मामा. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते देवाघरी गेले. महिन्याच्या मिस्सानंतर घरी मंडळी जमावयाची होती व तेथे त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत म्हणून त्यांच्या मुलाने एक कागद तयार केला होता. आदल्या रात्री त्याने तो मामींना वाचून दाखविला. "मृदुभाषी, मितभाषी, कोणाशीही वैर न धरणारे," येथवर मामींनी निमूटपणे ऐकले. मग त्या म्हणाल्या, "माणूस चांगला दिसतो. पण याच्याशी माझे लग्न केव्हा झाले?"

कागद तेथेच राहिला.

मामांना मितभाषी म्हणणे म्हणजे दमणगंगेला भर श्रावणात ओढा म्हणण्यासारखे आहे. नवा माणूस भेटला की ते म्हणत, "मी चार राज्यांत राहिलो, पण सामान हलविण्यास गाडी एकदाही सांगितली नाही." आणि हे अक्षरशः खरे होते. ते जन्मले तेव्हा सिल्वासा पोर्तुगीजांचे. पोर्तुगीजांनी 1885 साली गावाला 'व्हिला द पासु द आर्कुश' असे भले लांब नाव दिले होते. ते लोकांच्या जिभेवर कधी बसले नाही. मामा मात्र कोंबड्या हाकताना ते नाव मोठ्याने घेत. त्यांच्या मते पोर्तुगीज भाषेचा उपयोग तेवढाच उरला होता, आणि कोंबड्यांना ती समजतही असे.

मग 1954 साल आले. 22 जुलैला दादरा मोकळे झाले, 28 जुलैला नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. पुढची सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. हे मामांचे दुसरे राज्य. 11 ऑगस्ट 1961 रोजी प्रदेश भारतात सामील झाला, तेव्हा नेहरूंबरोबर करारावर सही करण्यास त्यांच्या जोडीचा अधिकारी हवा म्हणून प्रशासक बदलानी हे एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान झाले. मामांना याचा केवढा अभिमान! "पंतप्रधान पुष्कळ झाले, पण एका दिवसात काम आटोपून मोकळा झाला तो आमचाच," असे ते प्रत्येक निवडणुकीत ऐकवीत. चौथे राज्य 26 जानेवारी 2020 रोजी आले. दमण आणि दीव जोडले गेले व प्रदेशाचे नाव इतके वाढले, की अर्जातील पत्त्याच्या रकान्यात ते मावेना. मामांनी उरलेली अक्षरे समासात लिहून अर्ज दिला. तो परत आला. त्यांनी पुन्हा तसाच दिला.

मामांच्या गोष्टींतली सर्वांत लाडकी गोष्ट मात्र सुधीर फडक्यांची. त्या मुक्तिलढ्यात फडके स्वतः होते, आणि लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यास गाण्याचा कार्यक्रम केला होता, हे सर्वश्रुत आहे. मामांचे म्हणणे असे, की सिल्वासात तिरंगा चढला त्या सकाळी फडक्यांनी त्यांच्या, म्हणजे दहा वर्षांच्या मामांच्या, डोक्यावर हात ठेविला होता. मी लहान असताना तो नुसता हात होता. पुढे त्यात "शाबास" आला. मी कॉलेजात गेलो तोवर फडके गुणगुणूही लागले होते. रेडिओवर गीतरामायण लागले की मामा सर्वांना गप्प बसवीत. "ओळखीचा माणूस गातो आहे." 2002 साली फडके गेले त्या दिवशी मामा जेवले नाहीत, आणि कारण विचारण्याची छाती कोणाचीही झाली नाही.

आता त्या "कोणाशीही वैर न धरणारे" याविषयी. मामांचे व त्यांच्या पाठच्या भावाचे, म्हणजे आमच्या धाकट्या मामांचे, दोन घरांमधल्या भिंतीवरून बिनसले. भिंत हातभर इकडे की हातभर तिकडे, एवढाच वाद. अकरा वर्षे दोघे बोलले नाहीत. रविवारी मिस्साला एक उजव्या बाजूस बसे, दुसरा डाव्या. पुढे धाकट्या मामांच्या अंगावरून वारे गेले व ते खाटेस खिळले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी थोरले मामा वस्तरा, वाटी व साबण घेऊन मागच्या दाराने भावाच्या घरी जाऊ लागले. दाढी करावयाची, तोंड पुसावयाचे, आणि एक शब्दही न बोलता परत यावयाचे. मामींनी एकदा विचारले, "हे काय चालविले आहे?" उत्तर मिळाले, "बोलणे बंद आहे. दाढी बंद आहे असे कोणी सांगितले?"

माझ्या मते असा हट्ट चांगला नव्हे. अकरा वर्षे ही थोडी नव्हेत, आणि त्यांतली काही सुखाने बोलण्यात जाऊ शकली असती. पण ते शनिवार मी पाहिले आहेत, म्हणून अधिक बोलवत नाही.

महिन्याच्या दिवशी रोझरी झाली, जेवणे झाली, आणि मामींच्या परवानगीने एकेक गोष्ट निघाली. कोंबड्या निघाल्या, अर्ज निघाला, फडके निघाले. मंडळी पोट धरून हसत होती. धाकट्या मामांना खाटेसकट पडवीत आणून ठेविले होते. त्यांचे शब्द आता नीट उमटत नाहीत. कान जवळ न्यावा लागतो. ते म्हणाले, "फडके कुठले? आम्ही दोघे कणगीमागे होतो."

हळूहळू उलगडा झाला. त्या रात्री काय होणार हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईने दोन्ही मुलांना भाताच्या कणगीमागे दडविले होते. धाकटा पाच वर्षांचा. तो रडेल आणि आवाज बाहेर जाईल म्हणून थोरल्याने रात्रभर त्याच्या तोंडावर हात धरून ठेविला होता. उजाडेपर्यंत त्याने तो काढला नाही. झेंडा चढताना दोघांपैकी कोणीच पाहिला नाही. डोक्यावरच्या हाताची गोष्ट थोरल्याने दुसऱ्या दिवशी धाकट्याला सांगितली. तो अजून भ्यालेला होता म्हणून.

पडवीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मामींनी पदराने डोळे पुसले व धाकट्या मामांच्या हनुवटीकडे पाहिले. महिन्याभराची दाढी वाढली होती. त्यांनी मुलाला आत पाठवून वस्तरा, वाटी व साबण आणविला. बिचाऱ्याने भीतभीत साबण लावला आणि धीर यावा म्हणून काही विचारू लागला. धाकट्या मामांनी डोळे मिटून घेतले.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "दाढी करताना बोललेले मला चालत नाही."